कंदील नव्हता, चिमणी होती

माझी पहिली कथा छापून आली, ते माझ्याआधी गावाला कळलं.

1988 सालची दिवाळी. मी तेव्हा खटाव तालुक्यातल्या एका वाडीवर, एकशिक्षकी शाळेत मास्तर होतो. बदलीचा भरवसा नाही म्हणून मासिकाला पत्ता दिला होता गावाकडचा, माण तालुक्यातला. आमच्या गावात पोस्ट म्हणजे किराणा दुकानातला एक कोपरा. दिवाळी अंक तिथं येऊन पडला. दुकानदारानं पाकीट फोडलं, माझं नाव बघितलं आणि त्याच संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या वीस-पंचवीस माणसांना सगळी कथा मोठ्यांदा वाचून दाखवली. पाडव्याला मी एसटीतून उतरलो, तर उतरल्या उतरल्या एकजण म्हणाला,

"मास्तर, नानाला पार उघडा केलासा की!"

मी हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. गावानं माणूस ओळखला, म्हणजे आपण तो हुबेहूब उतरवला. लेखक म्हणून मिळालेली ती माझी पहिली पावती. ती कसली पावती होती, हे कळायला नऊ वर्षं जावी लागली.

नाना म्हणजे माझे चुलते, वडिलांच्या पाठचे. त्यांची गोष्ट सांगायची तर 72 च्या दुष्काळापासून सांगावी लागेल.

आमच्या भागाला दुष्काळ नवा नाही. माणगंगा नावाला नदी, पावसाळ्यातसुद्धा कैकदा वाळूच दिसायची. पण 72 ला विहिरींचे तळ उघडे पडले. जनावरं दावणीला सुकली. खायला परदेशातून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी थापता थापता तुटायची आणि खाल्ली की घशात अडकायची. वडील मुंबईला गिरणीत. त्यांची मनीऑर्डर यायची तेव्हा यायची. बाकी सगळं गाव दुष्काळी कामावर, खडी फोडायला. आई पण जायची. आम्ही पोरं सुकडी मिळते म्हणून दुपारी कामावर जायचो आणि तळहातावर घेऊन चाटत परत यायचो. मी अकरा वर्षांचा होतो.

नाना सातवी पास. अक्षर मोत्यासारखं. म्हणून साहेबानं त्यांना आमच्या चाळीस माणसांच्या टोळीवर मुकादम नेमलं. हजेरी घ्यायची, मस्टर भरायचं, पगाराला अंगठे उठवून घ्यायचे, हे त्यांचं काम. त्या दिवसांत आमच्या घरात आई बाळंत झाली होती, त्यामुळं मी रात्री नानांच्या ओसरीवर निजायचो. एका रात्री जाग आली. नाना मस्टर मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना सही येत होती, झोकदार सही करायचे. तरी त्यांनी शाईच्या पॅडवर स्वतःचा अंगठा टेकवला आणि एका नावापुढं उठवला. मग अंगठा धोतराला पुसला. मी बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणाले, "नीज."

पुढं थोड्याच दिवसांत साहेब न सांगता कामावर आला आणि त्यानं डोकी मोजली. हजेरी चाळीस, माणसं एकोणचाळीस. जी बाई महिन्यामागंच नवऱ्याकडं मुंबईला निघून गेली होती, तिची हजेरी रोज लागत होती आणि तिचा पगार पण उचलला जात होता. नानांची मुकादमी गेली. पैसे भरून द्यावे लागले, त्यासाठी दोन शेळ्या विकल्या. दुसऱ्या दिवसापासून नाना हातोडा घेऊन खडी फोडायला बसले, सगळ्यांच्या ओळीत. कुणी विचारलं तरी एक शब्द बोलले नाहीत. गाव म्हणालं, मुकादमानं पैसं खाल्लं. आम्हा पोरांना शाळेत पण तेच ऐकावं लागलं. मी एकदा त्यावरनं मारामारी करून डोकं फोडून घेतलं होतं, आणि मनात म्हणत होतो की पोरं खरंच बोलतायत. मी तर डोळ्यांनी बघितलं होतं.

हे सगळं माझ्या पोटात सोळा वर्षं होतं.

मास्तर झाल्यावर वाडीवर संध्याकाळी सातनंतर करण्यासारखं काही नसायचं. शाळेच्या खोलीतच राहायचो. तालुक्याच्या वाचनालयातनं पुस्तकं आणायचो. तिथंच व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' हाताला लागली. 1955 सालचं पुस्तक, पण त्यात मास्तर होता, मेंढरं होती, दुष्काळ होता. माडगूळकर तर आमच्याच मुलखातले, माडगुळ्याचे. म्हणजे आपली माळरानं, आपली माणसं पुस्तकात येऊ शकतात! मग आनंद यादवांची 'गोतावळा' वाचली. सबंध कादंबरी शेतावरच्या गड्याच्या बोलीत. आमच्या शाळेत ज्या बोलीला छडी मिळायची, त्या बोलीत पुस्तक लिहिलेलं. दोन-तीन दिवस मला झोप नीट लागली नाही. मग फुलस्केप आणले, डाव्या बाजूला समास सोडला आणि लिहायला लागलो.

पहिल्या सात-आठ कथा साभार परत आल्या. परतीची तिकिटं लावलेलं पाकीट आपणच पाठवायचं आणि आपल्याच अक्षरातला आपला पत्ता बघून पोस्टमननं ते आपल्याला आणून द्यायचं, याच्यासारखा अपमान नाही. वाडीवरचा पोस्टमन भला. त्याला वाटायचं मास्तरांना कुणीतरी सारखी पत्रं लिहितंय.

मग मी मुकादमाची कथा लिहिली. दोन रात्रींत झाली. कुठं अडलो नाही. पेटलेलं लाकूड जसं आपोआप जळतं तशी ती झाली. तिच्यात काळ्या रात्री कंदिलाच्या उजेडात मुकादम अंगठा उठवतो, गरिबाच्या हक्काचे पैसे खातो, आणि पुढं म्हातारपणी तोच अंगठा कडबाकुट्टीत सापडून तुटतो. शेवटच्या ओळीत अंगठा कडब्यात पडलेला. संपादकांचं कार्ड आलं, त्यात शेवटाचं कौतुक होतं. मी ते कार्ड कित्येक दिवस खिशात घेऊन हिंडलो.

तर त्या पाडव्याला मी गावी गेलो. संध्याकाळी नाना ओसरीवर बसले होते. त्यांच्यासमोर जायला पाय उचलत नव्हते, पण टाळणार कसं? एकच वाडा, एकच दार. पाया पडलो. नाना म्हणाले,

"आईकली गोष्ट. दुकानावर हुतो मीबी."

मी गप्प.

"झ्याक लिवलीस. लोकं श्वास धरून आईकत हुती." मग जरा थांबून म्हणाले, "पर त्या राती कंदील न्हवता. चिमणी हुती. कंदिलाला रॉकेल कुटनं आनायचं त्या सालात?"

एवढंच. दुसरं काही नाही. मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला लागलं नाही, किंवा लागलं असलं तरी बोलायला तोंड नाही. रात्री खोलीत बसून मी माझ्या प्रतीवर 'कंदील' खोडलं आणि वर 'चिमणी' लिहिलं. पुढं कधी पुस्तक निघालं तर चूक राहायला नको! चिमणी दुरुस्त केली. माणूस तसाच ठेवला.

त्यानंतर काय झालं ते मला बाहेरगावी असल्यामुळं उशिरा कळलं. 72 ची गोष्ट गाव विसरत आलं होतं. पंधरा वर्षं नाना जत्रेच्या वर्गणीची वही लिहीत होते. कुणी किती दिले, नारळ किती, तमाशाला किती, पैशापैशाचा हिशोब ते देवळात उभं राहून वाचून दाखवायचे. ज्या गावानं एकदा पैसे खाल्ले म्हटलं, त्याच गावानं आपण होऊन वही हातात दिली होती. ती मिळवायला त्यांना किती वर्षं लागली असतील, याचा हिशोब कुठल्या वहीत नाही. माझी कथा आली त्या साली जत्रेची वही नानांकडं आली नाही. कुणी भांडलं नाही, कुणी काही म्हणालं नाही. फक्त वही दुसऱ्याच्या घरी गेली. नानांच्या थोरल्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, माझ्याशी बोलणं सोडलं. मला वाटलं, खरं बोललं की माणसं तुटतात, लेखकाला ही किंमत द्यावीच लागते. असली वाक्यं तरुणपणी फार पटतात.

1995 साली शाळेतल्या पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ द्यायची योजना आली. अट एकच, हजेरी ऐंशी टक्के पाहिजे. पुढं दोनेक वर्षांनी माझ्या शाळेत तिसरीत एक पोरगी होती. हुशार. तिची आई आजारी पडली, बाप ऊसतोडीला गेलेला, धाकटी दोन भावंडं. पोरगी शाळेत यायची बंद झाली. मी घरी जाऊन आलो. चुलीवर काही नव्हतं. महिनाअखेरीला हजेरी काढली तर तिचे दिवस भरत नव्हते, म्हणजे तिचा तांदूळ नाही. सगळ्या वाडीत त्या तीन किलोची गरज कुणाला असेल तर त्याच घराला, आणि नेमकं तेच घर नियमात बसत नव्हतं.

रात्री मी हजेरीपट काढला. तिच्या नावापुढं रिकाम्या घरांत एकेक 'ह' लिहीत गेलो. आठ 'ह' लिहिले. दार लावून घेतलं होतं. नवव्याला हात थांबला. मला एकदम ती ओसरी दिसली. मांडीवर मस्टर, शाईचा पॅड, आणि नाना. धोतराला अंगठा पुसणारे नाना. पंचवीस वर्षं मी त्यांचा अंगठा बघत होतो. त्या रात्री पहिल्यांदा त्यांचं तोंड डोळ्यांपुढं आलं. चोरी करणाऱ्याचं तोंड तसं नसतं. माझं त्या घडीला जसं झालं असेल, तसं ते होतं.

रविवारी गावी गेलो. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्याजवळ बसून ती कथा तिला वाचून दाखवली. नऊ वर्षांत मी ती कथा कुणाकुणाला वाचून दाखवली होती, कॉलेजात, शिक्षकांच्या मेळाव्यात, पण आईला नाही. तिला वाचता येत नव्हतं आणि दुकानाच्या कट्ट्यावर बायका बसत नाहीत. पोराची गोष्ट छापून आली एवढंच तिला ठाऊक. तिनं शेंगा फोडत फोडत ऐकलं. चिमणीच्या उजेडात मुकादम अंगठा उठवतो तिथं आल्यावर तिचे हात थांबले.

"ह्ये कुणाचं लिवलंयस?"

मी बोललो नाही.

"भाऊजींचं?"

मी मान हलवली.

ती पुष्कळ वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुजी भन झाली तवा घरात दाना न्हवता. मनीऑर्डर आली न्हवती. मला तर उठवत न्हवतं. दर पगाराला भाऊजी यायचं आन् बाहेरनंच पैसं उंबऱ्यावर ठेवून जायाचं. मी इचारलं, कुटनं आनलं? म्हनलं, तुमी खावा. अठरा दिस चाललं. मग साहेब आला."

"मग?"

"मग काय? एकोनिसाव्या दिसाला मी पोर पाठीला बांदली आन् खडीवर गेले."

तिनं सूप बाजूला सारलं. "आन् तू त्यांचा अंगठा तोडलास?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजपण नाही.

त्याच संध्याकाळी नानांच्या समोर जाऊन बसलो. म्हणालो, "नाना, तवाच का बोलला न्हाईसा? मी लिवल्यावर तरी सांगायचं."

नाना म्हणाले, "काय सांगायचं? वैनीचं नाव गावात घ्यायचं? तिला कामावरनं काडली असती. वसुली लावली असती."

"पर गाव तर तुमाला चोर म्हनलं."

"गाव काय खोटं न्हाई म्हनलं," नाना म्हणाले. मी बघतच राहिलो. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझ्या ध्यानात आलं की मला अजून निम्मीच गोष्ट कळली होती. आमच्या कामावर फोडलेल्या खडीचं माप घेऊन पैसे निघायचे, आणि ते मस्टरवरच्या हजेरीप्रमाणं वाटले जायचे. "माप तेवडंच. वाटेकरी एक जास्ती. म्हंजे त्ये पैसं सरकारचं न्हवतं. त्या मान्सांच्या घामाचं हुतं. एकोनचाळीस ताटांतनं एकेक घास काडला म्या, कुनाला न इचारता. त्यात कुनाचं पोर उपाशी निजलं आसंल तर? म्हनून गप बसलो. शेळ्या इकून पैसं भरलं, पर त्ये सायबाला. त्या मान्सांचं भरायचं ऱ्हायलंच."

पंधरा वर्षं जत्रेचा हिशोब पैशापैशानं का द्यायचे, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हणालो, देवळात उभा राहून सगळं सांगतो. नानांनी हात वर केला. "वैनी हाय तवर तिचं नाव नगं." आईला विचारलं. ती म्हणाली, "त्येंचं ऐक. आमी दोगं गेल्यावर काय लिवायचं त्ये लिव."

आता गावागावांत व्याख्यानाला बोलावतात. शाळा-कॉलेजातली मुलं विचारतात, कथा कशी लिहायची? मी पात्र, प्रसंग, बोली याबद्दल बोलतो. बोली कानानं लिहावी, डोळ्यानं नव्हे, असं सांगतो. शेवट आधी ठरवू नये, असं सांगतो. पण हे का सांगतो, ते सांगत नाही. मी शेवट आधी ठरवला होता. माझ्या रागाला एक तुटलेला अंगठा पाहिजे होता, म्हणून सगळी कथा मी त्या कडबाकुट्टीकडं ओढत नेली. जी कथा दोन रात्रींत, कुठं न अडता होते, तिच्याकडं तेव्हापासून मी संशयानं बघतो. अडायला पाहिजे होतं. सही येणारा माणूस अंगठा का उठवतो, इथंच अडायला पाहिजे होतं. घरात आई बाळंत आहे, मनीऑर्डर नाही, मग मी रोज काय जेवत होतो, इथं अडायला पाहिजे होतं. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. एक मी कथेत घातली आणि दुसरी घालायची मला आठवणसुद्धा झाली नाही. ते पैसे ज्याच्या पोटात गेले, तोच लिहायला बसला होता.

आईकडून ऐकल्यावर मी घाईघाईनं दुसरी कथा लिहिली. तिच्यात मुकादम देवमाणूस. बाळंतिणीसाठी बदनामी सोसणारा. ती पण दोन रात्रींत झाली, आणि वाचून बघितली तर पहिलीइतकीच खोटी. त्या एकोणचाळीस माणसांच्या ताटातला घास तिच्यात कुठंच नव्हता. नानांनी स्वतःला जे माफ केलं नव्हतं, ते मी परस्पर माफ करून टाकलं होतं. एकदा चोर केलं, एकदा देव केलं. दोन्ही वेळा नाना मला न विचारता आपले ओसरीवर बसून राहिले. ती कथा मी फाडून टाकली. 'बनगरवाडी' पुन्हा वाचली तेव्हा दिसलं, त्यातला मास्तर बघतो, ऐकतो, हळहळतो, पण न्यायनिवाडा करायला बसत नाही. पहिल्या वेळी मी त्या पुस्तकातली मेंढरं बघितली होती, हे बघितलं नव्हतं.

2001 साली माझा पहिला कथासंग्रह निघाला. प्रकाशकांना ती मुकादमाची कथा पाहिजे होती, गाजली होती म्हणून. मी काढायला लावली. नानांना एवढं तरी देणं लागतो, असं मला वाटलं. पहिली प्रत घेऊन गावी गेलो. नाना फार थकले होते. डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, अनुक्रमणिका काढली आणि प्रत्येक नावाखालनं बोट फिरवत खालपर्यंत आले. मग परत वर गेले आणि परत खाली आले.

"माजी न्हाई व्हय ह्यात?"

मी म्हणालो, "नाना, ती चुकीची हुती. काडली."

"काडलीस?" नाना पुस्तक मिटत म्हणाले. "मला वाटलं, चिमणी करून घातली आसशील."

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागनं आई पण गेली. चुलतभाऊ बोलतो, पण तुटक. जत्रेची वही त्यांच्या घरात परत आली नाही, आणि आता तर पावतीपुस्तकं छापून येतात. मी निवृत्त झालो. त्या पोरीच्या नावापुढं लिहिलेले आठ 'ह' त्या हजेरीपटात अजून असतील. नववा मी त्या रात्री लिहिला की नाही, ते कुणी विचारलं नाही. लिहिला होता. दहावा पण लिहिला. त्या तांदळातला घास कुणाच्या ताटातनं आला, तेवढं मात्र मी अजून शोधतोय.

आईनं दिलेली मुभा आज वापरली. यात एक दिवा आहे, तो चिमणीचा आहे. बाकीचं पण जमेल तेवढं तपासून लिहिलंय. कुठं चुकलं असेल तर सांगणारा माणूस आता राहिला नाही.